तीन ओळींची नोटीस

जुलैचा दुसरा रविवार, दुपारी चार. स्थळ: लातूरमधल्या आमच्या मुलींच्या होस्टेलची जेवणाची खोली. हजर: मी, माझे यजमान (देहाने), स्वयंपाक करणाऱ्या शकिलाआपा, बावीस मुली, जळकोटहून आलेले एकीचे वडील, आणि ज्यांच्यासाठी बैठक बोलावली ते आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर. विषय एकच: होस्टेलचा नोटीसबोर्ड भाऊजींकडे ठेवायचा की काढून घ्यायचा.

सरळ वाक्याचा भाऊजींइतका तिटकारा असलेला दुसरा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. त्यांचं अक्षर सुंदर, म्हणून बोर्ड मीच त्यांच्या हवाली केला होता. माझ्या हातून झालेल्या चुकांची मी यादी ठेवते. त्यात ही बरीच वर आहे. भाऊजी हायकू लिहितात. तीन ओळी, पाच-सात-पाच अक्षरं, आणि विषय निसर्ग, आशा, जगण्याचं प्रयोजन. माझे विषय म्हणजे पाणी, गॅस आणि गेट बंद करण्याची वेळ. दोन्हींचा मेळ घालायचं काम भाऊजींनी आनंदाने अंगावर घेतलं. पाणी सकाळी साडेपाच ते सहा येईल, एवढं लिहा असं मी म्हणाले, तर बोर्डावर आलं:

नळ जागला
कावळ्याच्या आधी तो
झोपला पुन्हा

मुलींनी ते साडेसहाला वाचलं, वा वा केलं आणि पारोशा क्लासला गेल्या. पुढे गॅस संपला, तेव्हा ‘निळी ज्योत ही / माहेराला गेलेली / चूल एकटी’ झळकलं. शकिलाआपा मला बाजी म्हणतात; त्या तणतणत वर आल्या, “बाजी, माहेराला चाललात अन् मला सांगितलं न्हाई?” मी कुठेही जात नाही हे कळल्यावर दोन मुलींचे चेहरे उतरले. त्यांची नावं माझ्याकडे आहेत.

भाऊजींचा बाकीचा दिनक्रमही असाच सोयीचा. होस्टेल तीन मजली, पण किल्लारीच्या भूकंपानंतर ते स्लॅबखाली झोपलेले नाहीत. अंगणात पत्र्याची शेड, तिच्यात खाट. इंजिनिअरने इमारत पक्की असल्याचं सांगितलं, तेव्हा भाऊजींनी विचारलं, “इमारतीला विचारलंत का?” सकाळी गरम पाण्याच्या बंबापाशी तेच बसतात, आणि बादली भरण्याआधी प्रत्येक मुलीला एक प्रश्न: “आज काय दिसलं?” उत्तर जिवंत असायला हवं. एकीने ऑर्गॅनिक केमिस्ट्री सांगितली, तिला बादली घेऊन रांगेच्या शेवटी जावं लागलं. मग मुलींनी एक मुंगी शोधून काढली. आठवडाभर बावीस जणींना तीच मुंगी दिसत होती. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलींना चिमणी दिसून काय मिळणार, असं मी विचारलं होतं. “पेशंट दिसायला लागेल, वहिनी,” म्हणाले. अशा माणसाशी वाद घालायला वेळ लागतो, आणि माझा दिवस पंधरा-पंधरा मिनिटांत वाटलेला असतो.

तर बैठकीचं कारण. क्लासचा फोन आला: वरच्या बॅचमध्ये जाण्यासाठीची उद्याची परीक्षा दहाऐवजी सकाळी सात वाजता. मी भाऊजींना सांगितलं आणि बाजार समितीत डाळ आणायला गेले. बोर्डावर आलं:

सूर्य कोवळा
उत्तरे शोधायला
निघाला आज

नऊ मुलींची परीक्षा हुकली. जळकोटची मुलगी त्यांतलीच.

“आवं सर,” तिचे वडील उभं राहून बोलू लागले, “सूर्य कोवळा म्हंजी सात वाजले, हे पोरीनं वळखावं कसं?”

“खिडकी उघडून,” भाऊजी म्हणाले.

मुली हसल्या. वडील हसले नाहीत. “मी दोन एकर बटईनं देऊन पोरीला हितं ठिवलंय. तुमी कविता करायलात! नांदेडात बी क्लास हायत, सर. आजच घिऊन जातो.”

“बाबा, नगं ना,” मुलगी म्हणाली. “परीक्षा पुन्यांदा हाय पुढल्या महिन्यात.”

“तवा चंद्रावर लिहितील!”

भाऊजींच्या चेहऱ्यावरचा मिस्कीलपणा गेला. ते मुलीकडे बघत म्हणाले, “चूक माझी आहे. तिला नेऊ नका, मीच बोर्ड सोडतो.” खिशातला खडू काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

तेव्हा मी बोलायला हवं होतं, कारण भाऊजींच्या तीन ओळी कुठून आल्या, हे ठाऊक असलेली त्या खोलीत मी एकटीच. भूकंपानंतर मी ब्लँकेटांची यादी घेऊन भाऊजींच्या गावी गेले होते. ते तिथे मास्तर होते. शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची आणि पोरं बोलत नव्हती. भाऊजी एकेकाला विचारायचे, येताना काय दिसलं? बोलू नका, पाटीवर लिहा. ढिगाऱ्यातून काढलेल्या पाट्या फुटक्या होत्या, तीनच ओळी मावायच्या. एका पोराने लिहिलं होतं: शेळी व्याली. दोन पिल्लं. दोन्ही उभी राहिली. ब्लँकेटं एकूण किती वाटली हे मी आजही सांगू शकते. ती पाटी पाहून मी काय म्हणाले, ते मात्र आठवत नाही. बहुधा यादीवर पुढची खूण केली. बैठकीतही मी मान खाली घालून एवढंच लिहिलं: ठराव मंजूर.

मुलगी राहिली. आता बोर्ड मी लिहिते. पाणी ५.३० ते ६. गेट ८ वाजता बंद. एकही अक्षर संदिग्ध नाही. सगळ्या वेळेवर आंघोळ करतात, वेळेवर निघतात, आणि बोर्डासमोर कोणी थांबत नाही. भाऊजी बंबापाशी बसतात, बादल्या भरून देतात. काही विचारत नाहीत. परवा जळकोटची मुलगी बादली भरल्यावरही तिथेच घुटमळली. “सर, कावळा दिसला,” ती आपणहून म्हणाली. “बरं,” म्हणाले, आणि पुढची बादली घेतली.

माझ्या वहीत रोजची कामं रोज संपतात. एकच काम अकरा दिवस पुढच्या पानावर उतरवत आले आहे: भाऊजींना खडू परत देणे, आणि तो घ्या असं सरळ वाक्यात सांगणे.