पाळीभर चाललेला लॅपटॉप

देश खुला झाला असं सगळे सांगत होते आणि आमच्या बाबांच्या मिलचं गेट बंद झालं होतं. टीव्हीवरचे टायवाले म्हणायचे, आता जगातली वाट्टेल ती वस्तू तुमच्या दारात येणार. आमच्या दारात बाबाच खुर्ची टाकून बसलेले असायचे, सकाळपासून. वस्तूंना आत यायला जागाच नव्हती म्हणा ना.

बाबा मिलच्या विणाई खात्यात फिटर होते. बिघडलेला माग दुरुस्त करायचा आणि पुन्हा चालू करून द्यायचा, हे त्यांचं काम. ते मागाच्या लोखंडावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि ऐकायचे. एवढ्या खडखडाटात ह्या माणसाला काय ऐकू येतं, हे कोणालाच कळायचं नाही, पण बिघाड बरोबर सापडायचा. त्यामुळे इंदूरच्या आमच्या परदेशीपुऱ्याच्या गल्लीत पंखा असो, शिलाई मशीन असो की पाण्याची मोटार, बाबांनी हात लावून बघितल्याशिवाय कोणी विकत घेत नसे. मिल बंद झाली आणि लोकांनी त्यांना विचारणं सोडलं. मिल बंद पडली ती मालकामुळे, का सरकारमुळे, का सुरतच्या कापडामुळे, यावर गल्लीत रोज वाद व्हायचे, पण पंखा घ्यायला मात्र लोक आता शोरूममध्ये एकटेच जायचे. एकदा आमचा स्वतःचा मिक्सर बिघडला तर बाबा म्हणाले, "ने कोपऱ्यावरच्या दुकानात. मला काय कळतंय त्यातलं." आई त्या दिवशी स्वयंपाकघरात रडली. मिल बंद झाली तेव्हा ती रडली नव्हती.

अशात मला कॉम्प्युटरच्या पदवीला प्रवेश मिळाला. कॉलेजची कॉम्प्युटरची खोली म्हणजे देवघरच होतं. चपला बाहेर काढायच्या, आत थंड हवा, मशीनवर मखमली झाकण. एका मशीनमागे सहा मुली. मी उंच, म्हणून मागे उभी. पहिल्या सत्रात कॉम्प्युटरपेक्षा पुढच्या मुलींच्या पाठीच मला पाठ झाल्या. माझं स्वतःचं मशीन नसेल तर मी नापास होणार, हे मी घरी ओरडून सांगितलं. मी तेव्हा सगळंच ओरडून सांगायचे.

मिलकडून जे काही हातात आलं होतं त्यातलं आईने माझ्यासाठी थोडं बाजूला ठेवलं होतं. त्यात एकच लॅपटॉप बसत होता, तोही कोणीतरी आधी वापरलेला, आणि तो तीन वर्षं टिकायला हवा होता. दुसरा मिळणार नव्हता.

मग काय विचारता! ज्यांनी जन्मात लॅपटॉपला बोट लावलं नव्हतं ते सगळे जाणकार झाले. महूचे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, फौजेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. ते खास बसने आले आणि म्हणाले, "वजन बघायचं. ज्याला उचलताना कंबर दुखते तेच मजबूत. हलका माल म्हणजे धोका, समझे?" मी म्हटलं, "काका, तो मांडीवर ठेवायचा असतो." ते म्हणाले, "मग मांडी मजबूत कर." राजेंद्र नगरला राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीकडे रुपेरी, पातळ लॅपटॉप होता. तिचा सल्ला एकच, रुपेरीच घे. मलाही रुपेरीच हवा होता. का, ते विचारू नका. अठराव्या वर्षी रुपेरी हे कारण पुरतं.

लॅपटॉप आणायला जायच्या आदल्या दिवशी आईने मला मोरीशी गाठलं. "हे बघ," ती म्हणाली, "लॅपटॉप काळा घे, पांढरा घे, मला त्यातलं काही कळत नाही. पण पसंत ह्यांना करू दे. दोन वर्षांत त्यांनी कशालाही हात लावलेला नाही."

"आणि त्यांनी भलताच घेतला तर? नापास मी होणार ना!"

"तर हो नापास," आई शांतपणे म्हणाली. अशी माझी आई.

जेल रोडवर एका जिन्याच्या वर जुन्या लॅपटॉपचं दुकान होतं. परदेशातल्या ऑफिसांनी टाकून दिलेले लॅपटॉप जहाजाने यायचे आणि तिथे टेबलावर कांदे-बटाटे रचावेत तसे रचलेले असायचे. आमच्या मिलचे माग भंगारात निघाले आणि त्यांचं भंगार आमच्याकडे आलं, ह्यालाच बहुधा व्यापार खुला होणं म्हणत असावेत. दुकानदार तोंडात पान धरून म्हणाला, "बाबूजी, एकदम मक्खन माल है, फॉरेन का. आँख बंद करके ले जाओ."

"आँख तो बंद करनीच पडेगी," बाबा म्हणाले. त्यांनी ढिगाऱ्यातला एक लॅपटॉप चालू करायला लावला, त्याच्या पोटाखाली तळहात सरकवला आणि खरोखर डोळे मिटून उभे राहिले. मी भिंतीकडे तोंड केलं.

डोळे उघडून ते मला म्हणाले, "पाळीभर चालवून बघू."

हा मिलचा नियम. दुरुस्त केलेला माग पाच मिनिटं नीट चालला म्हणून फिटर तो विणकराच्या ताब्यात देत नसे. पूर्ण आठ तासांची पाळी चालवायचा, मधे अडला नाही तर मगच द्यायचा. दुकानदाराला हे हिंदीत सांगितल्यावर त्याचं पान तोंडातच राहिलं. "आठ घंटे? बाबूजी, लोग शादी आधे घंटे में पक्की कर लेते हैं!"

"इसीलिए तो पछताते हैं," बाबा म्हणाले आणि स्टूल ओढून बसले.

दुकानदाराला त्या दिवशी गिऱ्हाईक कमी असावं, किंवा त्याला तमाशा आवडत असावा. त्याने सांगितलं, तीन निवडा आणि लावा. बाबांनी ढिगाऱ्यातले तीन काढले. तिन्ही काळे, तिन्ही जाड. रुपेरी एक होता, तोही वापरलेलाच, पण काचेच्या कपाटात, चित्राच्या खोक्यात पुन्हा बंद केलेला. मी त्याच्याकडे बोट दाखवलं, तर दुकानदार म्हणाला, तो सीलबंद आहे, तो असा चालवून मिळणार नाही. बाबा म्हणाले, "जे चालवून देत नाहीत ते घ्यायचं नाही." झालं! संपला विषय.

तीन लॅपटॉप ओळीने चालू झाले. माझं काम एकावर टाईप करत राहायचं, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. बाबा दर अर्ध्या तासाने तिघांच्या पोटाला हात लावून बघायचे आणि कान जवळ न्यायचे. पहिला दोन तासांत इतका तापला की त्यावर पापड भाजला असता. मग तो गपकन विझला. "गेला," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं, उलट जरा मजा वाटल्यासारखं होतं. दुकानदार म्हणाला, "पहले कभी ऐसा नहीं हुआ." बाबा म्हणाले, "पहले कभी देखा नहीं, भिया."

माझं काय चाललं होतं सांगू? मी मेल्याहून मेली झाले होते. जिना चढून येणारा प्रत्येक जण विचारायचा, हे काय चाललंय. दुकानदार रंगवून सांगायचा. लोक थांबून बघायचे. आणि चौथ्या तासाला, नेमकी माझ्या वर्गातली एक मुलगी तिच्या भावाबरोबर आली. दहा मिनिटांत तिने तो कपाटातला रुपेरी घेतला. घेतला म्हणजे बोट दाखवलं आणि पिशवीत टाकला. जाताना तिने बघितलं, माझे बाबा लॅपटॉपला कान लावून ओणवे झालेत. ती हसली. तोंडावर ओढणी घेऊन, पण हसली.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, पुरे झालं आता!" मी ओरडले. "ही मिल नाहीये! तुमची मिल बंद पडलीय, बंद! कळतंय का तुम्हाला?"

इंदुरात मराठीतून भांडलं की आजूबाजूच्यांना कळत नाही, असा आम्हा मराठी लोकांचा एक लाडका गैरसमज आहे. सगळ्यांना सगळं कळतं. सगळे वळून आमच्याकडे बघायला लागले. ती मुलगीसुद्धा जिन्यात थांबली.

बाबा सरळ झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सगळ्यांकडे, आणि सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत म्हणाले, "मिल बंद है, बेटा. हम अभी चालू हैं."

मिलमध्ये दोनच शब्द होते. चालू आणि बंद. माग चालू, माग बंद. गेट चालू, गेट बंद. बाबांच्या डोक्यात त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. पण जेल रोडच्या बाजारात माणूस चालू म्हणजे पक्का लबाड, दुसऱ्याला टोपी घालणारा. दुकानदाराने एक क्षण बाबांकडे बघितलं आणि फस्सकन त्याच्या तोंडातलं पान उडालं. "वो तो सुबह से दिख रहा है, बाबूजी! सारा दिन मेरी बिजली फूँक दी, एक पैसा दिया नहीं. आपसे बड़ा चालू पूरे इंदौर में कौन होगा!"

दुकान हसायला लागलं. बाबांना आधी कळलंच नाही. मग कळलं. आणि मग ते हसले. असे हसले की ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, स्टुलाला धरून बसावं लागलं. दोन वर्षांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं, हे मला तिथे, त्या क्षणी लक्षात आलं. मला माझी इतकी लाज वाटली की मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून रडले. एकादशी कधी आहे ते वाचत रडले.

मग मी डोळे पुसले आणि तिसऱ्या लॅपटॉपवर टाईप करायला बसले. कोणी सांगितलं नव्हतं.

पाचव्या तासाला दुसरा गेला. त्याच्या पडद्यावर रेघा आल्या आणि त्या जाईनात. आता फक्त तिसरा उरला. एका कोपऱ्याला टवका उडालेला, पाठीवर कुठल्याशा परदेशी शाळेचं अर्धं खरवडलेलं लेबल. दुकानदाराने चहा मागवला आणि स्वतःच त्या लॅपटॉपजवळ खुर्ची ओढली. एक म्हातारे गृहस्थ नातवासाठी लॅपटॉप बघायला आले होते. त्यांनी हातातला लॅपटॉप दुकानदाराला नाही, बाबांना दाखवला. बाबांनी तळहात लावला, डोळे मिटले. "पंखा घिस रहा है इसका," ते म्हणाले. दुकानदाराने चार स्क्रू काढून बघितलं. पंख्याचं एक पातं खरंच तुटून बाजूला घासत होतं. म्हातारे गृहस्थ निमूटपणे बाबांच्या रांगेत उभे राहिले. त्यांच्या मागे अजून दोघं उभे राहिले. दुकानदाराने बाबांच्या चहाच्या बशीत आपल्या हाताने बिस्किटं आणून ठेवली.

आठवा तास भरला तेव्हा तिसरा चालूच होता. बाबांनी शेवटचा हात लावला आणि म्हणाले, "दे रे बांधून." मी "पण" म्हटलं नाही.

पिशवी हातात देताना दुकानदार पहिल्यांदाच थट्टा न करता बोलला. "बाबूजी, मेरे पास ढेर पड़ा है. सच बोलूँ तो मुझे भी नहीं मालूम कौन सा चलेगा. लोग वापस ला-लाकर सर पर मारते हैं. आप कल से आ जाओ. छाँट के दो."

"सोचते हैं," बाबा असे म्हणाले की जणू अजून चार ठिकाणांहून बोलावणं आलंय.

घरी आल्यावर मी लॅपटॉप उघडला तेव्हा मला दिसलं की त्याच्या कळफलकावर काही अक्षरांच्या डोक्यावर टिंबं आहेत आणि वाय आणि झेड एकमेकांच्या जागी आहेत. दुकानात आठ तास मी इतक्या रागात बडवत होते की माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. 'डे' लिहायला गेलं की डी-ए-झेड. मी बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "मशीन माझ्या खात्यातलं, अक्षरं तुझ्या." पहिल्या असाईनमेंटमध्ये माझ्या मॅडमनी सतरा ठिकाणी लाल गोल केले. पण लॅपटॉप पूर्ण तीन वर्षं चालला. राजेंद्र नगरवाला रुपेरी दुसऱ्या वर्षी बिजागरीतून तुटला, हे सांगायला मला आजही आवडतं. मी काही फार मोठ्या मनाची नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोरीतल्या पाण्याच्या आवाजाने मी जागी झाले. बाबा दाढी करत होते. इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना तेल लावलं, सायकलमध्ये हवा भरली आणि सव्वासहाला, मिलच्या पहिल्या पाळीला निघायचे त्याच वेळेला, बाहेर पडले. आई चुलीपुढे पोळ्या लाटत होती.

"अगं आई," मी म्हटलं, "ते दुकान अकराच्या आत उघडत नाही!"

"माहितीय मला," आई म्हणाली. "तू त्यांना सांगू नकोस."