आत्याच्या वाटणीच्या शिव्या

गणेश चतुर्थीच्या संध्याकाळी आमच्या वाडीतली माणसं कशी चालायची, ते तुम्ही बघायला हवं होतं. सगळ्यांच्या माना खाली. त्या दिवशीचा चंद्र नजरेस पडला तर चोरीचा खोटा आळ येतो ना, म्हणून. आरतीला या घरातून त्या घरात जायचं ते पायाच्या अंगठ्याकडे बघत. मग माणसं एकमेकांवर आपटायची, कुंपणाच्या दगडी गडग्याला धडकायची. एकदा तर आमचे आजोबा शेणाच्या ढिगात उभे राहून "आलं का घर?" विचारत होते. भादव्यात एरवी चार-चार दिवस आभाळ उघडायचं नाही, पण त्या संध्याकाळी चंद्र नेमका माडामागून डोकावणार.

त्या दिवशी मान ताठ ठेवून चालायची ती एकटी माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. लहानपणी देवी आल्या त्यात तिचे डोळे गेले. लग्न झालं नाही, आमच्याकडेच राहायची. भात कांडायची, मोदक वळायची, आणि खोडी काढून पळणाऱ्या पोराला वाटेतच पकडून चिमटा घ्यायची.

आता चंद्र दिसलाच कुणाला, तर त्यावर औषध होतं. शेजाऱ्याच्या कौलावर खडा टाकायचा आणि त्याच्या शिव्या खायच्या. शिव्या खाल्ल्या की दोष गेला. आमच्या वाडीत हे औषध शेजारच्या काकीकडे मिळे. वर्षभर लोक तिच्या तोंडाला भ्यायचे, पण चतुर्थीला तिच्याच दारात गर्दी. तीही ओटीवर पान जमवून वाट बघत बसायची.

मी आठ-नऊ वर्षांची असेन, एकोणीसशे पंचवीस-सव्वीस साल. पावसाळ्यात बंद असलेल्या बोटी त्या वर्षी लवकर सुरू झाल्या म्हणून बाबा मुंबईहून गणपतीला पोचले होते. आरती झाली, प्रसाद चालला होता, आणि अंगणातून आत्या आली ती म्हणाली, "मी चंद्र बघितला."

सगळे हसले. बाबा म्हणाले, "कसा बघितलास गो?"

"पोरं म्हणाली, तो बघ माडामागं. मी मान वर केली. झालं बघून."

"मग तुला नाय दोष. बस, मोदक खा."

"नाय कसा? देवळात नेऊन मूर्तीपुढं उभी करतोस, म्हणतोस दर्शन झालं, पुण्य लागलं. पुण्य लागतं तर दोष का नाय लागत?"

बाबांनी आजोबांकडे बघितलं. आजोबांनी मोदकाकडे बघितलं.

आत्यानं माझा हात धरला. "चल गो, शिव्या खाऊन येऊ."

वाटेत म्हणाली, "मला अजून कुणी शिवी दिली नाय. तुझ्या आजीनं अख्ख्या घराला मेलं म्हटलं, मला नाय. मी दूध सांडलं तरी म्हणायची, असू दे, तिला काय दिसतंय. दर वर्षी सगळी वाडी काकीकडं जाऊन हसत परत येते. मी आपली माजघरात बसून ऐकते." मग मला कळलं, हिला खरंच हव्यात.

मी जांभ्याचा खडा दिला. तो तिनं फेकला तो आमच्याच गोठ्यावर. दुसऱ्या वेळी मी तिला खांदे धरून वळवलं. काकीचं कौल खणकन वाजलं.

"कोण तो मेला, हात झडले तुझे..." म्हणत काकी बाहेर आली, आत्याला बघितलं, आणि आवाजात तूपच आलं. "वन्सं, तुम्ही होय. लागलं नाय ना कुठं?"

"शिव्या दे, वयनी."

"तुम्हाला? पाप लागंल मला."

आत्यानं आणखी एक टाकला. कौल फुटून खाली आलं. "टाका हो," काकी म्हणाली, "जुनंच होतं ते." आणि हाताला धरून तिला ओटीवर बसवलं.

"म्हणजे औंदा पण नाय," आत्या पुटपुटली. मला वाटलं, आता रडते.

काकीनं दोघींच्या हातावर एकेक मोदक ठेवला, वर तूप. आत्यानं घास घेतला, सावकाश चावला.

"वयनी, सारण करपलंय. आणि पारी म्हणजे बैलाचं खूर."

काकीच्या मोदकांना आजवर कुणी नाव ठेवलेलं नव्हतं.

"खूर? आंधळे मेले, डोळे गेले ते गेले, आता जीभपण गेली काय तुझी? खोबरं खवून माझी बोटं सोलली आणि ही महाराणी आयत्यावर बसून खोड काढते. तुझी पेज उतू जावो, तुझ्या लोणच्याला बुरा येवो, कोंबड्या तुझ्या अंथरुणात अंडी घालोत..."

आत्या मान वर करून, अंगावर अभिषेक चालल्यासारखी, ऐकत होती. मी माझा मोदक खाल्ला होता. उत्तम झाला होता.

घरी येताना दोनदा विचारलं तिनं, "ते कोंबड्यांचं काय म्हणाली गो? परत सांग."

सकाळी विहिरीवर काकी आली ती डोळे सुजवून. "वन्सं, झोप नाय लागली मला. आंधळी म्हटलं मी तुम्हाला. सगळं परत घेते."

आत्याचं तोंड एवढंसं झालं. तिनं कळशी पोटाशी घट्ट धरली. "नको गो, वयनी. दिलेलं वाण कुणी परत घेतं काय?"

काकीनं पदराला हात पुसले आणि कमरेवर ठेवले. मग म्हणाली, "तर मग हो बाजूला, म्हशी. अख्खी विहीर अडवून उभी राहिलीस ती."

आत्या बाजूला झाली, पण अर्धीच. काकीला आणखी एकदा सांगावं लागेल, इतपत.