सोड्याच्या खात्यातले चार शर्ट

चार गाववाले एका खात्यात कामाला लागले की किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. माडाच्या झावळांसारखे आपोआप पडत राहतात, आणि एक दिवस बघावं तर खळ्यात ढीग!

आमचे चौघे म्हणजे कट्ट्याचा बापू, आचऱ्याचा दत्ताराम, मालवणचा विष्णू आणि मी. साठच्या दशकात मुंबईच्या एका गिरणीत होतो. खोली एक, खातं एक. मन मात्र चौघांचंही इकडे गावात.

* * *

टेरिलिन तेव्हा नवंनवं. वितळवून बारीक भोकांतून ओढलेला धागा, काचेसारखा गुळगुळीत. घाम पीत नसे, अंगाला चिकटे. आमचं काम ते कापड कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात घालायचं. वरचा थर थोडा झिजला की ते रेशमासारखं मऊ पडे, घामही थोडा टिपू लागे.

सुटीत गावी गेलो तेव्हा हे मी आईला सगळं नीट समजावून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"म्हणजे बरां कापड तू झिजवतंस?"

"होय."

"आणि तेचो तुका पगार गावता?"

"गावता!"

"मगे हयच ऱ्हव. हय बापाशीचा धोतर फुकट झिजता!"

हसलो खरा. पण परतीच्या बोटीत तिचं "हयच ऱ्हव" तेवढंच कानात राहिलं.

* * *

आचऱ्याला काही वर्षांनी एकदा गावपळण असते. देवाचा कौल झाला की माणसं, गुरं, कोंबड्या, सगळा गाव घरं सोडून वेशीबाहेर राहायला जातो. दत्तारामने रजा मागितली.

आमचे साहेब पुण्याचे. शांतपणे म्हणाले, "गावाबाहेरच राहायचं ना? मग दत्ताराम, तुम्ही इथे राहून ती पाळताच आहात!"

दत्तारामचा चेहरा पडला. ऑफिसातली शुद्ध मराठी विसरून तो म्हणाला, "साहेब, गावाभायर जावक आधी गावात जावक होयां!"

रजा मिळाली.

* * *

मग एका मे महिन्यात साहेबांनी चौघांना सोड्यातून काढलेल्या टेरिलिनचे शर्ट शिवून दिले. "सुटीत घाला. घाम, ऊन, खारी हवा, सगळं लागू द्या. येताना परत आणा. तपासायचे आहेत."

बापू शर्ट घालून कट्ट्याच्या स्टॅंडवर उतरला. चहावाला आला, शिंपी आला, मास्तर आले. जो तो बाही चोळून बघतोय. "काय मऊ रे! खंय गावला?"

दोन वर्षांनी गावात आलेल्या माणसाला "कसो आसस?" एकानेही विचारलं नाही. बापू तडक घरी गेला, शर्ट खुंटीला लावला आणि उघडाच पडवीत बसला.

शेजारची म्हातारी वाकून बघत म्हणाली, "बापू! कधी इलंस रे?"

बापूला रडूच आलं.

* * *

दत्तारामची तऱ्हा वेगळी. मालवणला आगबोट लांब पाण्यात नांगर टाकायची. उतारूंना किनाऱ्यावर न्यायला होडी यायची, ती त्या दिवशी येता येईना. किनारा समोर दिसतोय, माड दिसतायत. दत्तारामने ट्रंक माझ्या अंगावर ढकलली आणि शर्टासकट उडी मारली!

परत गेल्यावर साहेबांनी विचारलं, "समुद्राच्या पाण्यात शर्ट साधारण किती वेळ होता?"

"उडी मारल्यापासून दारात माझी म्हातारी आवस दिसापर्यंत, साहेब!"

* * *

सगळ्यात शेवटी साहेबांनी विष्णूला बोलावलं. विष्णूचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं. बायको सुमन मालवणात, हा मुंबईत. आम्ही तिघांनी शर्ट टेबलावर ठेवले होते. विष्णू हात हलवत उभा.

"तुमचा कुठाय?"

"घरी राहिला, साहेब."

"विसरलात?"

"नाही. बायकोने ठेवून घेतला."

"अहो, तपासायचा होता तो! तिला सांगितलं नाही?"

"सांगितलं." विष्णू जमिनीकडे बघत राहिला. "गेल्या साली माझो विकतचो टेरिलिन ठेवन घेतलेल्यान. ती म्हणता, 'त्याका चार दिसांनी कसलोच वास नाय. ह्या शर्टाक तुमचो वास ऱ्हवता. तुमी जावा, ह्यो ऱ्हवांदे.'"



साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग आमच्या तीन शर्टांच्या घड्या उलगडून बघू लागले.

पुढच्या मे महिन्यात आम्हाला एकेक शर्ट मिळाला. विष्णूला दोन.

"एक परत आणा," साहेब म्हणाले.