सतीशचा एकच चुकीचा मुद्दा

शीलाचा फोन आला तेव्हा मी सुपरमार्केटमध्ये कोथिंबीर निवडत उभी होते. तिला बोलूही न देता मी सुरू झाले, "अगं, तुझ्या नवऱ्याला सांगून ठेव, यंदा फायनलला मी त्याच्या शेजारी बसणार नाही. कान किटतात माझे." मग शीला म्हणाली, "नीला, सतीश गेला गं..." बुइटनव्हेल्डर्ट भागातल्या ऑफिसात मीटिंग संपवून उठताना कोसळला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. इतकी कसली मेली घाई माणसाला! मला खरं सांगायचं तर आधी रागच आला. रडू नंतर आलं, बाहेर सायकलचं कुलूप काही केल्या उघडेना तेव्हा.

सतीश दामले म्हणजे बाडहूव्हडॉर्प या डच गावातला आमचा शेजारी आणि माझा हक्काचा भांडायचा माणूस. पुण्याहून आमची दोन्ही कुटुंबं मागेपुढेच इथे आली. तो सॉफ्टवेअरमध्ये, मी विमानतळावर कार्गोच्या ऑफिसात. त्याचा मुलगा निहार इथेच जन्मला, इथेच वाढला. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये नाहीतर इंग्रजीत. शाळेतल्या मित्रांच्या नादानं तो बेसबॉलच्या क्लबात जायला लागला तेव्हा सतीश म्हणाला होता, "क्रिकेटचा चुलतभाऊच की, खेळू दे." आणि बघता बघता बापच मुलापेक्षा वेडा झाला. निहार पिचर झाला, म्हणजे आपल्याकडचा बोलर समजा, आणि सतीशला दुसरं काही सुचेनासं झालं. समोरच्या संघात डावखुरे किती, उजवे किती, कुणाला वेगवान चेंडू झेपत नाही, कुणाला हळू चेंडू फसवतो, सगळं तोंडपाठ. जेवायला बोलवावं तर आमटीची वाटी सरकवून हा पुढच्या सामन्याचा पिचर ठरवणार.

मैदानाच्या कडेला लाकडी बाकांच्या तीन-चार ओळी होत्या. तिथे आम्ही ठरलेल्या जागी बसायचो : सतीश, मी, थर्मास घेऊन शीला, आणि द हेगहून मुद्दाम येणारे देशपांडे. देशपांडे शेवटपर्यंत क्रिकेटवालेच राहिले. "निहारला आत्ता काढा, दोन इनिंग विश्रांती द्या, मग परत आणा," असं ते दरवेळी म्हणायचे आणि दरवेळी सतीश कपाळावर हात मारून घ्यायचा. "देशपांडे, किती वेळा सांगू? इथे एकदा बाहेर गेलेला पिचर परत येत नाही!" इथल्या लोकांची एक पद्धत मला फार आवडते. प्रत्येकाला मत असतं आणि ते शांतपणे ऐकून घेतलं जातं. संघाचा कोच मार्टाइन, उंच आणि कमी बोलणारा, मोठ्या सामन्याआधी कॉफीचा कप घेऊन आमच्या बाकावर येऊन बसायचा. सतीशचं ऐकायचा. कारण सतीश सहसा चुकत नसे आणि चुकलाच तर पुढच्या रविवारी स्वतःच कबूल करत असे.

गेल्या वर्षी आमचा क्लब फायनलला पोचला. पाच सामन्यांची मालिका, दोन त्यांनी जिंकले, दोन आम्ही. शेवटचा रविवारी, आमच्याच मैदानावर. पहिला सामना निहारनं जिंकून दिला होता, त्याला पुरेशी विश्रांतीही मिळाली होती. दुसरा पर्याय होता रूडी, कुरासाओ बेटावरून आलेला, वयानं मोठा, मनानं दिलदार, पण चेंडूचा वेग उतरणीला लागलेला. समोरच्या संघात डावखुऱ्या फलंदाजांची रांग. आणि निहारचा हळू चेंडू डावखुऱ्यांपासून नेमका लांब पळायचा, ते हवेत बॅट फिरवून मोकळे. त्यात त्या दिवशी राष्ट्रीय संघाच्या निवड समितीची माणसं येणार होती. म्हणजे यात वाद कसला? शेंबड्या पोरानंही निहारचंच नाव घेतलं असतं.

सामन्याच्या आदल्या दिवशी सराव होता, शीला तेवढी आली नव्हती. मार्टाइन नेहमीसारखा कप घेऊन बसला आणि सतीश म्हणाला, "उद्या रूडी." आम्ही सगळे त्याच्याकडे बघतच राहिलो. देशपांडे म्हणाले, "अहो दामले, स्वतःच्या मुलाची दृष्ट काढताय की काय?" सतीश हसला नाही. म्हणाला, "त्यांचे डावखुरे निहारला ओळखून चुकलेत. तो त्यांच्यापुढे टिकणार नाही." मी म्हटलं, "काहीतरीच काय! पहिल्या सामन्यात त्यांना चेंडू दिसत तरी होता का?" "म्हणूनच," तो म्हणाला, "आता दिसेल." नुसता आवाज चढवून बोलत होता. मी त्याला कधी असा मुद्दा सोडून भांडताना पाहिलं नव्हतं. सरावाचे चेंडू गोळा करत निहार जाळीपलीकडून चालला होता आणि थबकला होता, हे मी पाहिलं. सतीशनंही पाहिलं. तरी तो थांबला नाही, उलट पुन्हा एकदा मोठ्यांदा म्हणाला, "नाही टिकणार." मला तर वाटलं, उठून त्याचं तोंड धरावं!

निहार निघून गेला. मार्टाइननं कप खाली ठेवला. मग इंग्रजीत म्हणाला, "सतीश, तू इतकं चुकीचं कधी बोलत नाहीस. काय झालंय?" सतीशनं मान खाली घातली. "त्याला उद्या खेळवू नकोस. का ते विचारू नकोस." एवढंच. मार्टाइननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठला. सायकली काढताना मी सतीशला धारेवरच धरलं. "पोरानं ऐकलं ते. लाज नाही वाटत?" तेव्हा कुठे तो बोलला. गेले काही दिवस निहार डाव्या हातानं जेवत होता. नळ डाव्या हातानं, दार डाव्या हातानं. विचारलं तर "काही नाही." चेंडू टाकायच्या उजव्या हाताचं कोपर गेलं होतं त्याचं... आणि पोरगा लपवत होता, कारण निवड समितीच्या कानावर गेलं की संपलंच. "मार्टाइनला सांगितलं तर त्याला ते पुढे सांगावं लागेल," सतीश म्हणाला. "नाही सांगितलं तर पोरगा उद्या हात तोडून घेईल. मग मी काय करायचं, नीला? माझ्या शब्दाला इथे किंमत आहे ना, म्हटलं ती वापरू एकदा." आणि सायकलची किल्ली तो कुलपात उलटीच घालत राहिला.

रविवारी रूडी खेळला. नऊपैकी सहाव्या इनिंगपर्यंत आम्ही एका रननं पुढे होतो. मग रूडी दमला आणि त्यांच्या डावखुऱ्यांनी त्याला झोडपायला सुरुवात केली. आजूबाजूचे लोक "निहार, निहार" म्हणून ओरडायला लागले. मार्टाइननं एकदा वळून आमच्या बाकाकडे पाहिलं. सतीश दोन्ही मुठी गुडघ्यांवर आवळून बसला होता. त्यानं फक्त मान हलवली, नाही. शीला मला सारखं विचारत होती, "का गं नाही उतरवत माझ्या मुलाला?" आणि मला गिळताही येईना, थुंकताही येईना. आम्ही हरलो. निवडही झाली नाही. वडिलांच्या शेजारून जाताना निहार पहिल्यांदाच स्वच्छ मराठीत बोलला, "तुम्हीच म्हणालात ना, मी टिकणार नाही." मी बोलायला तोंड उघडलं तर सतीशनं माझा हात दाबला.

त्यानंतर त्या घरात बाप-लेकाचं बोलणं कामापुरतं उरलं. मी सतीशला कितीदा म्हटलं, अरे, आता तरी सांग त्याला. "हात बरा होऊ दे, पुन्हा निवड होऊ दे, मग सांगीन," हेच उत्तर. हिवाळा गेला, उन्हाळा आला, निहार पुन्हा खेळायला लागला, पूर्वीसारखाच खेळायला लागला. सतीश बाकावर येऊन बसायचा, आमच्याशी तावातावानं वाद घालायचा, पण निहारचं नाव निघालं की गप्प व्हायचा. आणि मग तो एक दिवस ऑफिसातल्या मीटिंगमधून उठला... सांगायचं राहूनच गेलं.

तेराव्याला त्यांच्याकडे मोजकीच माणसं होती. जेवणं झाल्यावर मी भांडी आवरत होते, निहार पुसत होता. यंदाची फायनल तोंडावर आली होती आणि गेले दोन दिवस मला झोप लागली नव्हती. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. सगळं सांगून टाकलं. कोपर, मार्टाइन, सायकलची किल्ली, सगळं. त्यानं ऐकून घेतलं. मग हातातलं फडकं ठेवलं, फ्रीजरचा खालचा कप्पा ओढला आणि बाजूला झाला.

आत कागदी कप होते, ओळीनं लावलेले, काठोकाठ बर्फ भरलेले. पाणी गोठलं की कपाचा काठ फाडायचा आणि बर्फ दुखऱ्या कोपरावर गोल गोल फिरवायचा, पिचर लोक करतात तसं. "हारलो त्या दिवशी रात्री पहिल्यांदा दिसले," निहार तुटक मराठीत म्हणाला. "मी वापरले की सकाळी बाबा परत भरायचे. एवढे महिने. मावशी, बाबा तसं का बोलले, मला माहीत होतं."

"अरे मग बोलला का नाहीस त्याच्याशी?" माझा आवाज नको तितका चढला. "दोघंही मेले एकाच मातीचे!"

"ते बोलले असते तर मी बोलणार होतो," तो म्हणाला आणि ओट्याला टेकून लहान मुलासारखा रडायला लागला. मी त्याला जवळ घेतलं. घट्ट.

शीला दारात कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही. निहारनं डोळे पुसले, कप्पा लोटला आणि तिला विचारलं, "आई, बाबांनी भरलेले हे शेवटचे आहेत. रविवारी मॅच आहे... लावू की ठेवू?"

शीलानं कप्पा पुन्हा उघडला. एक कप काढून त्याच्या हातात दिला.

"लाव. तुझ्यासाठीच भरलेत."