रुसव्यासाठी राखीव आठवडा

कार्यमावशी कुठलंही काम शेवटापासून सुरू करायच्या. मुहूर्त बाराचा, तर अक्षता कधी वाटायच्या, त्याआधी नवरीची साडी, त्याआधी मेंदी, असं मागे सरकत सरकत त्या थेट तीन महिने आधीच्या गहू निवडण्यापर्यंत पोचायच्या. आमच्या खालच्या मजल्यावर, डोंबिवली पूर्वेला राहायच्या आणि शहाडपासून ठाण्यापर्यंत लोकांची लग्नं-मुंजी पार पाडायच्या. बाळकुमच्या एका लग्नात नवरदेव घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकला, तरी मुहूर्त चुकला नाही. मावशींनी वऱ्हाड दोन तास लवकर काढायला लावलेलं. "नवरा अडकणारच गं, अडकण्याचा वेळ धरायचा असतो," असं त्या वर म्हणाल्या.

मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना एखाद्या ओपन-सोर्स लायब्ररीवर काम करायला घेणारा एक उपक्रम होता. आदल्या वर्षी मी अर्ज केलेला आणि तो परत आलेला, 'कामाची आखणी पटत नाही' असा शेरा मारून. ही शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी नोकरी लागली की कसला उन्हाळा आणि कसलं काय! नवी आखणीही जमेना, म्हणून मी जिन्यात बसून रडत होते. मावशी सुपाऱ्यांची पिशवी घेऊन वर आल्या.

"काय गं, कोण पळालं?"

कोणी पळालं नाही हे कळल्यावर त्यांची जराशी निराशाच झाली. मी समजावलं, की लायब्ररी म्हणजे तयार कोडचा साठा, कोणीही घ्यावा, वापरावा, बिघडला तर दुरुस्त करावा.

"म्हणजे कार्याची भांडी," मावशी म्हणाल्या. "भाडं नाही, पण पोचा आला तर ठोकून परत ठेवायचं. आणि तू काय करणार?"

"ही लायब्ररी आलेख काढते, पण त्यात मराठी जोडाक्षरं फुटतात. ती नीट उमटतील असं करायचंय."

"मुहूर्त कधीचा?"

झालं! त्यांनी वही काढली आणि माझा बारा आठवड्यांचा उन्हाळा उलटीकडून भरायला घेतला. प्रत्येक कामापुढे दोन रकाने: 'कोण करणार' आणि 'तो नाही आला तर कोण'. दोन्हीकडे माझंच नाव पाहून त्या चुकचुकल्या. दुसऱ्या आठवड्यात 'आमंत्रणं', म्हणजे लायब्ररीच्या जुन्या मंडळींना आधी कळवणं. पाचवा आठवडा मात्र कोरा, वर नुसतं 'रुसवेफुगवे'.

"मावशी, ही परदेशातली शिकलेली माणसं आहेत. ती कशाला रुसतील?"

"माणसं आहेत ना? मग रुसतील."

मुदत संपायच्या दिवशी मी घाईघाईत ती वही समोर ठेवून इंग्रजी करत सुटले. पाठवल्यावर वाचलं तर काय, पाचव्या आठवड्यासमोर स्वच्छ इंग्रजीत 'रुसण्यासाठी राखीव'! कपाळावर हात मारला. दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. मावशींशी तर नाहीच.

आणि निवड झाली! उपक्रमातल्या मार्गदर्शकाने लिहिलेलं, "हा आठवडा आम्हाला दर वर्षी लागतो. तो धरून आखणी करणारी तू पहिलीच." मी उड्या मारत खाली गेले. मावशी शांतपणे म्हणाल्या, "शिकलेली दिसतात."

पाचव्या आठवड्यात खरंच एक गृहस्थ रुसले. फिनलंडचे. आलेखातल्या अक्षरांचा मूळ भाग त्यांनी लिहिलेला, आणि मी शहाणीने तो न विचारता खोडलेला. 'हे मला मान्य नाही' एवढं लिहून गडी गप्प. त्यांच्या होकाराशिवाय सहाव्या आठवड्याच्या तपासणीत मी नापास, की उपक्रमातून बाहेर!

"मुलाकडचे मामा," मावशींनी निदान केलं. "मानपान राहिला. आधी माफी माग, मग त्यांनाच विचार, तुम्ही हे कसं केलंत, मला शिकवा." मी तसंच लिहिलं. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी तीन पानांचं उत्तर आलं, लाडालाडाने समजावून सांगितलेलं, शेवटी होकार. मावशी म्हणाल्या, "बघ, जेवले मामा."

काम संपत आलं तेव्हा चाचणीसाठी एक नाव हवं होतं, रफार-जोडाक्षरांचं. कोडमध्ये कोणीही बदल केला की ते नाव आलेखात आपोआप उमटवून बघतात; फुटलं तर बदल नामंजूर. मी मावशींना त्यांचं खरं नाव विचारलं आणि घातलं: श्रीमती ऊर्मिला. लायब्ररीत काम दाखल झालं त्या दिवशी लॅपटॉप घेऊन खाली गेले. मावशींनी पडद्यावरचं नाव बोट ठेवून वाचलं. मग पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "इतक्या पत्रिका छापून आणल्या गं. माझं नाव माझ्या लग्नाच्या पत्रिकेनंतर आज छापलेलं बघतेय." मला एकदम रडू आलं. इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी त्यांना नुसतं राबवून घेतलेलं.

मावशी जाऊन आता दोन वर्षं झाली. मी तेव्हा लिहिलेलं बहुतेक सगळं कोड दुसऱ्यांनी खोडून नव्याने लिहिलंय, आणि ते माझ्यापेक्षा चांगलंच लिहिलंय. पण आजही जगात कोणी त्या कोडला हात लावला, की आधी मावशींचं नाव नीट उमटावं लागतं. त्याशिवाय काम पुढे सरकत नाही.