मामांच्या ट्रॅक्टरची लिफ्ट

माझ्या थोरल्या मामांच्या हातून आजवर एकही वस्तू भंगारात गेलेली नाही. आसेगावच्या शिवारात लोकांचे तीन-तीन ट्रॅक्टर बदलून झाले, पण मामांच्या गोठ्यात अजून तोच उभा आहे: त्यांच्या लग्नाच्याही आधीचा, परदेशातून बोटीने आलेला, आणि मूळचा रंग लाल होता की नारिंगी यावर गावात दोन तट असलेला. गोठ्यावर त्यांनी नवी टिनं घातली आणि स्वतः गळक्या छपराखाली जागोजागी पातेली मांडून राहिले. पोळ्याच्या आदल्या दिवशी लोक बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात, तेव्हा मामा ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलला चोळत बसतात. तिथे ग्रीस लावायचं असतं, असं मी एकदा म्हणालो. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "ग्रीस रोजचंच हाये. सणाले तूप."

घरात त्यांचं राज्य आल्यापासून स्वयंपाकघराचाही कारखाना झाला होता. एका रविवारी मी वाशीमहून गेलो आणि चहा करायला साखरेचा डबा उघडला, तर आत वायसर निघाले. साखर 'बारीक खिळे' लिहिलेल्या डब्यात होती. मिठाच्या बरणीत मीठच होतं, पण तळाशी एक बेअरिंगही होतं. डबे नीट लावून देतो म्हटलं, तर म्हणाले, "कायले? मले सापडते नं." एक ताट, एक वाटी, एक पेला, एवढंच मोरीवर पालथं घातलेलं असे. मामी जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

ट्रॅक्टरला एक मोठी उणीव होती. हल्लीच्या ट्रॅक्टरला मागे दोन बाजूंना दोन आणि मध्ये वर एक असे तीन दांडे असतात. नांगर त्या तिन्हींना अडकवायचा आणि बसल्या जागेवरून उचलायचा. याला सगळे लिफ्ट म्हणतात. मामांच्या ट्रॅक्टरला मागे नुसता हूक होता. नांगर त्यामागून गाड्यासारखा ओढत न्यायचा, आणि त्या नांगरावर एक लोखंडी बैठक होती. तिच्यावर दुसऱ्या माणसाने बसायचं आणि तास, म्हणजे नांगराची एक ओळ, संपलं की दांडा ओढून फाळ वर घ्यायचा. इतकी वर्षं त्या बैठकीवर डोक्याला पदर घट्ट बांधून मामी बसत आली होती. मामांनी तिला कधी हाक मारल्याचं मला आठवत नाही. वळणाआधी इंजिनाचा आवाज जरासा उतरला की तिचा हात आपोआप दांड्यावर जायचा.

तिच्यामागे तीन गडी आले आणि तिघेही गेले. एकाने दांडा उशिरा ओढला, एकाने लवकर. तिसरा तर अगदी वेळेवर ओढायचा, पण आधी "ओढू का?" असं विचारायचा. मामा म्हणाले, "इचारा लागते म्हंजे त्याले समजतच नाही." मग एके दिवशी त्यांचा फोन आला, की या ट्रॅक्टरलाच लिफ्ट बसवणार आहेत, आता मागे कोणी नको.

मंगरूळपीरहून एक म्हातारे मिस्त्री बोलावले. सगळे त्यांना चाचा म्हणत. बोलणं कमी, चष्म्याची एक काडी सुतळीची, आणि हात असा की लोखंडाला हळू विचारून ठोकताहेत असं वाटावं. त्यांनी ट्रॅक्टरभोवती दोन फेऱ्या घातल्या आणि सांगितलं, की मागचा भाग बिडाचा, ओतीव लोखंडाचा आहे, बिडावर वेल्डिंगचा भरवसा नाही. जुन्याच भोकांवर जाड पट्टी बोल्टने आवळावी लागेल, आणि तिच्यावर दांडे. उचलायला मोडक्या ट्रॉलीचा जॅक आणि इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप. काम सहा-सात दिवसांचं. मामांनी प्रत्येक गोष्टीवर वाद घातला. पट्टीची जाडी, भोकांचं अंतर, वरचा दांडा आखूड की लांब. दुपारी दोघे निंबाखाली बसून भाकरी खात आणि तोंडातला घास संपायच्या आत पुन्हा भांडत. त्या दिवसांत मला मोरीवर दोन ताटं दिसली.

लिफ्ट बसली. आणि दुसऱ्याच आठवड्यापासून बिघडू लागली. कधी उजवा दांडा बोटभर खाली, कधी पिन वाजते, कधी बोल्ट ढिले. दर वेळी चाचा मोपेडवर यायचे, आवळायचे, जेवायचे आणि जायचे. दिवाळीआधीचं काम होळी उलटली तरी चालूच होतं. मला मिस्त्रीचाच संशय येऊ लागला. एकदा कचेरीच्या कामाने मंगरूळपीरला गेलो, तेव्हा त्यांच्या दुकानात जाऊन जरा चढ्या आवाजातच विचारलं, की सहा दिवसांचं काम सहा महिने कसं चालतं.

चाचांनी हातातली कानस खाली ठेवली. "लिफ्ट तं पह्यल्याच दिवशी चांगली बसली होती बाबू. मी नटावर रंग मारून ठेवला होता. नट आपोआप ढिला झाला तं रंगाले बारीक चीर पडते. इथं तं नटाचे कोपरे सोलले होते. पान्यानं." कानस पुन्हा उचलत म्हणाले, "तुमी तुमच्या मामाले सांगू नका. मी बी नाही सांगत."

मी तिथल्या बाकावर बसून राहिलो. महिन्यातून एखाद्या रविवारी जाणारा, घड्याळात पाहत चहा पिणारा भाचा मी. जे या परक्या माणसाने नटाच्या रंगावरून ओळखलं, ते मला साखरेच्या डब्यावरूनही कळलं नव्हतं.

उन्हाळी नांगरटीला मात्र सबब उरली नाही. मी मुद्दाम रजा काढून गेलो. चाचाही आले. आम्ही दोघे शेताच्या कडेला धुऱ्यावर उभे राहिलो आणि मामांनी नांगर जमिनीत घातला. काळी ढेकळं उलटत ट्रॅक्टर दुसऱ्या टोकाला गेला. तिथे मामांनी बसल्या जागेवरून एक छोटा खटका मागे केला आणि नांगर अलगद वर आला. सगळं नेमकं जमलं होतं. मामा मात्र वळले नाहीत. इंजिन चालू ठेवून, मान मागे फिरवून त्या अधांतरी नांगराकडे बराच वेळ पाहत राहिले.

चार तासं घालून ते आमच्यापाशी आले आणि उतरले. उपरण्याने तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं.

"जमली लिफ्ट," मी म्हणालो.

"जमली," मामा म्हणाले. "आता एकटा माणूस पुरते." मग चाचांकडे न बघता त्यांनी विचारलं, "याचं तेल किती दिवसानं पाहा लागते?"

चाचा हत्यारं पिशवीत भरत होते. त्यांनी पिशवीचा बंद आवळला.

"दर आठ दिवसाले," ते म्हणाले. "अन् ते मलेच पाहा लागीन. तुमाले नाही जमत."

"मंग बुधवारी या," मामा म्हणाले. "जेवाले."

चाचांची मोपेड त्या दिवशी दुरुस्तीला होती, म्हणून ते माझ्या मोटरसायकलवर मागे बसले. रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, की खरंच दर आठ दिवसांनी तेल बघावं लागतं का. माझ्या खांद्यावर हात टेकवून त्यांनी फक्त चष्मा सारखा केला. मागे मामांनी पुन्हा तास धरलं होतं. भर उन्हात, एवढ्या मोठ्या वावरात एकच माणूस. ट्रॅक्टरचा आवाज पुढच्या गावापर्यंत आमच्यासोबत येत राहिला, आणि मी गाडी उगाच हळू चालवत होतो.