वाकलेली रेघ

"काय दिसायला पाहिजे ते नका सांगू. काय दिसून राहिलं ते सांगा."

फोन कानाला आणि डोळे गच्च मिटलेले, अशा थाटात माझे सहकारी तक्रार करणाऱ्याला हे म्हणत. मूळचे अकोल्याचे. पलीकडे लुधियानाचा गोदामवाला असला तर तेच हिंदीत, शेवटी एक मऊ 'जी' लावून. चंदीगडच्या आयटी पार्कमध्ये त्यांचं नि माझं टेबल शेजारी होतं, म्हणून हे नाटक मला रोज फुकटात पाहायला मिळे.

नाटकच की हो ते. आमच्या कंपनीचा मालाच्या नोंदींचा जुना प्रोग्रॅम. ना चित्रं, ना माउस. काळ्या स्क्रीनवर नुसती अक्षरं आणि रेघांच्या चौकटी. तो चालायचा आमच्या सर्व्हरवर, आणि गावोगावची गोदामं दुरून जोडून वापरायची. दुरून जोडलं की स्क्रीनच्या अंगात येई. कुणाच्या चौकटी मोडून तिथे क्यू आणि एक्सच्या रांगा लागत, कुणाच्या ओळी अर्ध्यात तुटून खाली सांडत. बद्दी गावच्या गोदामातल्या एका सरदारजींनी तर माल चोरीला गेल्याचं जाहीर केलं. माल जागेवर होता, आकडे खिडकीच्या कडेबाहेर गेले होते. यांनी त्यांना खिडकी मोठी करायला लावली आणि गंभीरपणे म्हणाले, "बधाई हो जी, माल वापस आ गया."

पद्धत एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोष कुठे सरकतो ते बघायचं. "त्याच्या मागंमागं जायचं, भाऊ. थकते तो कुठंतरी."

मग एका हिवाळ्यात दोष त्यांच्याच स्क्रीनवर उतरला. चौकटीची उभी रेघ मधोमध वाकलेली, शेजारचे आकडे पुसट. त्यांनी फॉन्ट बदलला, टर्मिनलचा प्रकार बदलला, नवा मॉनिटर मागवला. आम्हाला बोलावून दाखवत. आम्हाला रेघ सरळ दिसे. त्यावर ते आणखीच खूश, कारण चारचौघांत लपणारा दोष त्यांना सगळ्यात प्रिय. ऑफिसात त्याचं नाव पडलं 'पाहुणा'. सकाळी कुणीतरी विचारायचं, पाहुणा आला का.

"आला ना. जेवूनच जाईल."

थंडी सरली, स्वेटर गेले. पाहुणा गेला नाही.

एका दुपारी त्यांनी प्रोग्रॅमची खिडकी स्क्रीनवर उजवीकडे सरकवली. मग डावीकडे. मग हात थांबला.

"रेघेचा बाक खिडकीसंगं जात नाही," ते म्हणाले. "मी पाहतो तिथं येऊन राहिला."

ते उठून काचेपाशी गेले. या शहरात सरळ रेघ शोधावी लागत नाही. समोरच्या इमारतीवर खिडक्यांच्या रांगाच रांगा. त्यांनी एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

"तुम्हाला ती बिल्डिंग सरळ दिसते?"

"हो."

"अख्खी?"

"अख्खी."

ते परत खुर्चीत येऊन बसले. फोन वाजत राहिला.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, दोष डोळ्याच्या पडद्यात आहे, लवकर आला असतात तर बरंच वाचलं असतं. त्या 'लवकर'मध्ये त्यांनी फॉन्ट बदलले होते. डोळ्यात इंजेक्शनं झाली. काही महिन्यांत दुसरा डोळाही त्याच वाटेने निघाला. नोकरी सुटली.

विमानतळाजवळच्या एयरोसिटी वसाहतीतल्या त्यांच्या फ्लॅटवर मी गेलो तेव्हा वहिनींनी चहाचा कप त्यांच्या हातात नेऊन ठेवला. मधलं सगळं गेलं, कडेकडेचं दिसते, असं त्यांनी एखाद्या परक्याची तक्रार सांगावी तसं सांगितलं. मी सगळी नाटकं करून पाहिली. सरदारजींचा आवाज काढला, ते आजही तुमची चौकशी करतात म्हणालो. ते बरोबर हसायच्या जागी हसले. कामाबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. इंजेक्शनाच्या पुढच्या तारखेचा विषय वहिनींनी काढला, तेव्हा म्हणाले, "राहू दे आता." वहिनी कप घेऊन आत गेल्या.

निघताना ते दाराशी आले. चेहऱ्यावर निरोपाचं हसू, नजर माझ्या खांद्यापलीकडे, जरा वर. मागे कोण आलं म्हणून मी वळून पाहिलं. जिन्यात कुणी नव्हतं. डोळ्याच्या उरलेल्या कडेने ते माझ्याकडेच पाहत होते.